गुलाबी थेंब

टण्ण.

तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून निसटला, स्टीलच्या ताटलीत पडला आणि घरातली शांतता फुटली. तिनं श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. भिंगरीनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा गाढ झाली. चार वर्षांची पोर, जागेपणी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. तिच्या आईच्या वाट्याला दिवसातून हीच पाऊण तासाची झोप यायची, तीही मुलीची.

स्क्रू निघाला तिथं, कॅमेऱ्याच्या कपाळावर, टाचणी जाईल एवढं भोक होतं. तिनं विजेरी धरली. आत, दुसऱ्या एका बारीक स्क्रूच्या डोक्यावर, वाळलेला थेंब चमकला. गुलाबी. कुठंही तडा नाही.

ती स्वतःशीच हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

तिची आई कॅमेऱ्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं बाकावर बसली. काम रेंजफाइंडरचं. कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि भिंग फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोटो स्पष्ट येतो. त्या नेमक्या जुळाव्यात म्हणून आई आतला स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करायची आणि तो पुन्हा हलू नये म्हणून त्यावर लाखेचा तांबडा थेंब सोडायची. कारखाना बंद पडला तेव्हा निरोपादाखल प्रत्येक बाईला एकेक कॅमेरा मिळाला. तोच हा, आई गेल्यावर तिच्याकडे राहिलेला.

सकाळी त्याच्याबद्दलच पत्र आलं होतं. त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या प्रकारांची यादी एक संग्राहक पुस्तकात छापणार होते. तिनं मोठ्या हौसेनं आईच्या कॅमेऱ्याचा फोटो आणि नंबर पाठवला होता. उत्तरात त्यांनी सभ्य भाषेत चपराक हाणली होती. नंबर जुना, म्हणजे पहिल्या प्रकारातला. शटरच्या वेगाची तबकडी मात्र नवी, दुसऱ्या प्रकारातली. सबब, कामगारानं खिशातून बाहेर आणलेल्या सुट्या भागांतून घरी जोडलेला. पुस्तक चार दिवसांत छपाईला जाणार होतं.

खिशातून बाहेर आणलेल्या. आईच्या कारखान्यातल्या कोटाला खिसेच नव्हते, पण ते कुणाला सांगणार? नवरा म्हणाला, जाऊ दे ना, कोण वाचतंय असली पुस्तकं. ती म्हणाली, मी वाचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खांद्यावर पिशवी, कडेवर भिंगरी, अशी ती संग्राहकांच्या दारात उभी राहिली.

खोलीत काचेची कपाटं, कपाटांत ओळीनं कॅमेरे, प्रत्येकाच्या पायाशी चिठ्ठी. संग्राहकांच्या हातात पांढरे सुती मोजे. त्यांनी भिंगरीकडे असं पाहिलं, जणू कुणी खोलीत पेटती काडी घेऊन आलंय. तिनं लेकीला मांडीवर घट्ट धरलं आणि सांगायला सुरुवात केली.

कॅमेऱ्याच्या वरच्या झाकणांवर नंबर आधीच कोरून ती पेट्यांत भरून ठेवत. पेट्या एकीवर एक रचत. नवी पेटी आली की ती वर, आणि बायका उचलणार तीही वरचीच. कंबर मोडून खालची कोण ओढतंय? त्यामुळे तळातली पेटी सगळ्यांत शेवटी लागली. जुन्या नंबरांच्या त्या झाकणांखाली तोवर नवी तबकडी बसू लागली होती. आणि नवी तबकडी आली त्याच आठवड्यात लाख संपली. साहेब म्हणाले थांबू नका, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलीनं आपली नखं रंगवायची बाटली काढली आणि सगळ्या रांगेनं आठ दिवस तोच थेंब सोडला. आई वेणी घालताना हे सांगायची आणि हसताना भांग वाकडा करायची.

संग्राहकांनी शांतपणे ऐकून घेतलं. गोष्ट छान आहे, म्हणाले, पण नंबर खोटं बोलत नाहीत. आणि गुलाबी थेंब काय, घरीही लावता येतो. वाद नको, हवं तर नोंदच गाळून टाकू.

"गाळायची नाही," ती म्हणाली. "खरी लिहायची. तुमच्याकडे नव्या तबकडीचा सगळ्यांत आधीचा कॅमेरा आहे ना? त्याच्या कपाळावरचा स्क्रू काढा."

संग्राहकांचा चेहरा पडला. तो कॅमेरा कारखान्याच्या खोक्यासकट, कागदांसकट होता. त्याच्या चिठ्ठीवर त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं: अस्पर्श.

"अस्पर्श?" तिचा आवाज चढला नाही, पण धार आली. "काका, एकवीस बायकांचे हात लागलेत त्याला. तुम्ही इतकी वर्षं बाहेरूनच बघत बसलात. उघडा, नाहीतर मी इथून उठत नाही. आणि ही पोर तर एका जागी बसतच नाही."

भिंगरीनं नेमकं त्याच वेळी मांडीवरून निसटून कपाटाच्या काचेवर पाची बोटं उमटवली.

संग्राहकांनी मोजे काढले. पेचकस त्यांनी तिच्या हातात दिला, स्क्रू तिनंच फिरवला. विजेरी त्यांनी धरली. बराच वेळ ते वाकून राहिले, मग तिचा कॅमेरा घेऊन त्यात पाहिलं, मग पुन्हा आपल्यात. दोन्हीकडे तीच गुलाबी छटा, थेंबाला तीच डावीकडे ओढलेली शेपटी.

"आई डावखुरी होती," ती म्हणाली. "तबकडी बदलायची तर झाकण काढावं लागतं. झाकण निघालं की जुळणी हलते, आणि परत जुळवायचं तर हा थेंब फोडावाच लागतो. कुठं फुटलाय दाखवा."

टेबलावरचे छपाईचे कागद ओढून त्यांनी 'घरी जोडलेला' ही ओळ खोडली. तिनं सांगितलं तशी पेट्यांची हकीकत लिहून घेतली, मध्ये दोनदा अडवून नीट विचारलं. 'कामगाराचं नाव' या जागी त्यांनी आईचं पूर्ण नाव लिहिलं, अक्षर अन् अक्षर तिच्याकडून तपासून घेतलं. उरलेल्या दिवसांत किती पानं बदलावी लागणार याचं त्यांनी थोडं कुरकुरूनही घेतलं. तिनं खुशाल कुरकुरू दिलं.

मग ते म्हणाले, नोंदीशेजारी जागा आहे, आईंचा एखादा फोटो मिळाला तर छापू.

ती पटकन हो म्हणाली आणि मनातल्या मनात अल्बम उलटू लागली. पाळण्यातली ती. दप्तर घेतलेली ती. पडलेल्या दातांनिशी हसणारी ती. सगळे आईनं याच कॅमेऱ्यानं काढलेले, सगळे स्पष्ट. "आईचा एकही नाही," ती पुटपुटली. मोठी झाल्यावर हा कॅमेरा किती वेळा तिच्या स्वतःच्या हातात होता.

भिंगरीनं तो उचलून डोळ्याला लावला होता. एक डोळा मिटायला जमत नव्हतं, म्हणून दुसऱ्यावर तळवा दाबलेला.

"दोन आई दिसतायत," ती म्हणाली. भिंग फिरवता फिरवता थांबली. "आता एकच झाली." आणि कॅमेरा खाली न घेताच तिनं विचारलं, "आई, तू आजीचा फोटो का नाही काढलास?"