डाव्या कोपऱ्यातला प्राणी

परदेशी गेल्यापासून थोरलीने दोन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत. एक कामाची पाळी आणि दुसरी घरची बिलं. विजेचं, पाण्याचं, फोनचं, सगळी. निघताना विमानतळावर आई रडत होती तेव्हा थोरलीने आप्पांना शब्द दिला होता, "बिलांची काळजी सोडा, ती मी तिकडून भरत जाईन." आप्पांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने खिशातून सगळे ग्राहक क्रमांक लिहिलेला कागद काढून दिला. माणूस तयारीनेच आला होता.

बिल भरणं वेगळं आणि बिल वाचणं वेगळं. थोरली वाचायची. तिचं कामच तसलं होतं. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर बसायची. घासून आलेली काच दिव्यासमोर धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि केसाएवढा जरी ओरखडा दिसला तरी काच परत पाठवायची. चार वर्षांत तिच्या नजरेतून एकही ओरखडा निसटला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची, त्याचं कारणही बहुधा हेच असावं.

घरच्या ग्रुपवर आई रोज फोटो टाकायची. कुंडीतलं फूल, दोरीवर वाळत घातलेली चादर, पेपर वाचताना आप्पा, पेपर वाचून झाल्यावर आप्पा. थोरलीने त्या ग्रुपचा आवाज कधीच बंद करून टाकला होता. आठवड्यातून एकदा ती भराभर वरून खाली यायची आणि शेवटच्या फोटोला एक अंगठा द्यायची. तो सगळ्यांना मिळून असायचा.

विजेचं बिल आलं की मात्र तासाभरात घरी निरोप, "गेल्या महिन्यापेक्षा तेवीस युनिट जास्त. का?"

"पाहुणे आले होते," आप्पा लिहायचे.

"कोण?"

पाहुणे कोणी आलेले नसायचे, आप्पाच पंखा चालू ठेवून बाहेर गप्पा मारायला गेलेले असायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे शेळीही पेन्शन घेणारी होती. फोन करून हिशेब देण्याची सोय नव्हती, कारण 'ती कामात असते, कारणाशिवाय फोन करायचा नाही' हा नियम आप्पांनीच घरात लावला होता. थोरलीलाही तो मानवला होता.

तर अशा या थोरलीला सलग तीन महिने सरासरी बिल आलं. 'प्रत्यक्ष रीडिंग उपलब्ध नाही,' असं खाली छापलेलं. बिलाच्या वरच्या कोपऱ्यात मीटरचा फोटो असतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा, काळा-करडा. त्यात आकडे दिसायला हवेत. तिने बिल पडद्यावर मोठं केलं, वर भिंग लावलं. आकडे नव्हतेच. तिथे भलतंच काहीतरी होतं.

सुट्टीच्या दिवशी तिने वीज कंपनीकडे तक्रार नोंदवली. तक्रारीची भाषा अशी, की वाचणाऱ्याने उभं राहून वाचावी. 'पहिल्या महिन्याच्या फोटोत उजवीकडे पांढरट जळमट असून त्यामागे शेवटचे दोन आकडे झाकले गेले आहेत. दुसऱ्या महिन्याच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात घुशीसारखा प्राणी दिसतो. तिसऱ्या महिन्यात तोच प्राणी अधिक पुढे सरकला असून सोबत जळमटही आहे. रीडिंग घेणाऱ्या व्यक्तीस मीटर कशाला म्हणतात हे ठाऊक आहे काय, याची चौकशी व्हावी.'

पाठवून तिला फार बरं वाटलं. त्या दिवशी तिने केस धुतले.

चार दिवसांनी, ती डबा उघडत असताना, आईचा फोन आला. कारणाशिवाय फोन नाही, म्हणजे कारण आहे.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"गेलं कोणी नाही. पण नोकरी जाणार आहे," आई म्हणाली. "रीडिंगवाल्यांची. तुझ्या तक्रारीने."

"जाऊ दे की. त्यांना साधा मीटरचा फोटो काढता येत नाही."

"त्यांना येत नाही? अगं, स्टुडिओ होता त्यांचा. तेवीस वर्षं चालवला. लोक मोबाइलवर फोटो काढायला लागले आणि स्टुडिओ बसला, म्हणून बिचारे दारोदार मीटर बघत हिंडतात. तो फोटो मीच काढायला लावला."

"कसला फोटो?"

"आमचा."

थोरलीने डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"आम्ही ग्रुपवर पाठवतो ते तू बघत नाहीस," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती एक माहिती देत होती. "बिल मात्र बघतेस. भिंग लावून बघतेस, तूच सांगितलं होतंस. मग आप्पा म्हणाले, तिची नजर जिथे जाते तिथेच जाऊन उभं राहू. पहिल्या महिन्यात मी एकटीच उभी राहिले, म्हटलं बघू ओळखते का. काही बोलली नाहीस. मग पुढच्या महिन्यात आप्पा. मग दोघं. रीडिंगवाले आधी नको नको म्हणत होते, पण नंतर त्यांनाच हुरूप आला. हनुवटी वर घ्या म्हणाले, खिडकी उघडा, उजेड डावीकडून येऊ द्या म्हणाले. किती दिवसांनी माणसाचा फोटो काढतोय, म्हणाले."

थोरलीच्या डोळ्यांसमोरून तिच्या तक्रारीतली एकेक ओळ सरकू लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तिने तर सही करून दाखवलं होतं.

"आई, आप्पा कुठे आहेत?"

"आरशासमोर. रीडिंगवाल्यांनी तक्रारीची प्रत वाचून दाखवली ना आम्हाला. तेव्हापासून रोज दोनदा दाढी करतायत. घूस म्हणालीस त्यांना. मला जळमट म्हणालीस, ते मी काही मनाला लावून घेतलं नाही."

मग आईने 'जळमट' हा शब्द स्वतःशीच आणखी एकदा म्हणून पाहिला. म्हणजे लावून घेतलं होतं.

"शुक्रवारी रीडिंगवाल्यांना साहेबांपुढे उभं करणार आहेत," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्या घरात कमावणारे ते एकटेच आहेत गं. तू बिघडवलंस, तूच निस्तर."

आज बुधवार होता. थोरलीने डबा बाजूला सारला आणि कंपनीच्या साइटवर 'तक्रार मागे घ्या' शोधून काढलं. कारण निवडायचं होतं. 'समस्या सुटली', 'ग्राहकाने घर बदलले' आणि 'ग्राहक मयत', एवढीच तीन कारणं होती. प्राणी हे आपले वडील निघाले, अशी सोय कोणी केलेली नव्हती. तिने 'समस्या सुटली' दाबलं. उत्तर आलं की चौकशी सुरू झालेली असल्याने तक्रार मागे घेता येणार नाही, फोनवर संपर्क साधावा.

फोनवर आधी पस्तीस मिनिटं सनई वाजली. सुट्टी संपली तशी थोरली फोन टेबलावर ठेवून काचा तपासू लागली, आणि सनईच्या तालावर एक ओरखडा असलेली काच तिच्या नजरेतून निसटलीसुद्धा. शेवटी पलीकडून एक बाई बोलल्या. आवाजावरून त्यांनी आयुष्यात सगळं ऐकलं असावं असं वाटत होतं.

"बोला."

"माझी तक्रार चुकीची होती. फोटोत प्राणी नाही."

"मग काय आहे?"

"माझे वडील."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला.

"आणि जळमट?"

"आई."

"मॅडम, तुम्ही आईवडिलांना ओळखलं नाहीत?"

"फोटो खूप लहान होता हो."

"हो," बाई म्हणाल्या. "पण तरी."

बाईंनी मग कामाची गोष्ट सांगितली. मीटरऐवजी भलतंच टिपलं हा गुन्हा कागदावर आला होता. त्यातली माणसं त्याच घरातली आहेत आणि स्वतःहून उभी राहिली आहेत, असं ग्राहकाने लिहून दिलं तरच काही करता येणार होतं. "मूळ फोटो पाठवते. प्रत्येकात कोण आहे, काय करतंय, कशावरून ओळखलंत, ते नीट लिहा. मोघम नको. साहेबांना मोघम चालत नाही."

फोटो आले. मोठे, रंगीत. थोरलीने भिंग काढून ठेवलं, त्याची गरज नव्हती.

पहिल्या फोटोत आई होती, अर्धी मीटरवर झुकलेली. केस पांढरे झाले होते, आणि हे कधी झालं ते थोरलीला माहीत नव्हतं. डोळ्यांवर थोरलीनेच पाठवलेला तपकिरी चष्मा. त्याच्या काचा तिने स्वतः तपासल्या होत्या, एकही ओरखडा नव्हता. पण त्याची डावी काडी मुळापाशी मोडली होती आणि काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.

दुसऱ्यात आप्पा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, हनुवटी वर, तिच्यावरचा जुना व्रण स्पष्ट. पूर्वी लोक स्टुडिओत फुलदाणीवर हात ठेवत तसा त्यांनी मीटरवर हात ठेवला होता. सगळे आकडे हाताखाली. शर्टाची कॉलर मानेला सैल होत होती.

तिसऱ्यात दोघं. मध्ये पुठ्ठा धरलेला, त्यावर आप्पांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आम्ही बरे आहोत. तू वेळेवर जेवतेस ना?'

न खाल्लेला डबा तिच्या कोपराशी होता. थोरलीला लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत वाटली. परक्याच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा हिला दिसतो आणि आईच्या चष्म्याची काडी मोडलेली दिसत नाही. तिने ग्रुप उघडला आणि वर, आणखी वर जात राहिली. सात महिन्यांपूर्वीचा फोटो सापडला. हातात मोडका चष्मा, खाली आईने लिहिलेलं, 'काडी तुटली. दोऱ्याने बांधली. छान बसली.' त्याखाली थोरलीचा अंगठा.

तेवढ्यात पाळीचा मुकादम मागे येऊन उभा राहिला. काम थांबलेलं त्याला लांबूनच दिसायचं. त्याने पडद्याकडे पाहिलं.

"कोण?"

"आई. वडील."

"छान आलेत." त्याने मान वाकडी करून निरखलं. "हा मागे कसला डबा आहे?"

"मीटर."

"त्याला बाजूला करायला हवं होतं," मुकादम म्हणाला आणि निघून गेला.

पाळी संपल्यावर थोरलीने चार पानं लिहून दिली. मोघम काही ठेवलं नाही. चष्म्यावरून आई, हनुवटीवरच्या व्रणावरून आप्पा, अक्षरावरून पुन्हा आप्पा. शेवटी लिहिलं, 'सदर इसम माझे वडील असून त्यांना घूस संबोधल्याबद्दल मी दिलगीर आहे. रीडिंग घेणाऱ्या गृहस्थांनी फोटो उत्तम काढला आहे. दोष पाहणारीचा आहे.' असलं वाक्य तिने जन्मात लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने चष्म्याची नवी फ्रेम घरी रवाना केली आणि ग्रुपचा आवाज सुरू केला. चादरीच्या फोटोने ती भर कामात दचकली.

शुक्रवारी आईचा निरोप आला. नोकरी राहिली. साहेबांनी म्हणे ती चारही पानं सगळ्यांना वाचून दाखवली आणि रीडिंगवाल्यांना लेखी ताकीद दिली, की यापुढे मीटरच्या फोटोत कोणतीही सजीव वस्तू येता कामा नये. रीडिंगवाले पेढा आणावा तसा तो कागद घेऊन आई-आप्पांकडे आले आणि आप्पांना आणखी एकदा घूस म्हणून हसले. आप्पाही हसले, पण दाढी रोजच करत राहिले.

पुढच्या महिन्यात बिल आलं. तिकिटाएवढा फोटो, काळा-करडा, पण आकडे कसे स्वच्छ. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे दिसत होते. मीटर सोडून त्यात काहीही नव्हतं. असं निर्दोष बिल तिला चार वर्षांत मिळालं नव्हतं. थोरलीने भिंग लावून उजवा कोपरा बघितला, डावा बघितला, पुन्हा उजवा बघितला. अकरा युनिट जास्त होते. तिने काही विचारलं नाही. फोन उचलला आणि घरी लावला.

"काय झालं?" आई घाबरून म्हणाली. "बिल जास्त आलं?"

"नाही."

"मग कोण गेलं?"

"कोणी नाही गं. फोटोत कोणीच नव्हतं, म्हणून केला."

मग आई हसायला लागली. "अगं, होतो की आम्ही. तिथेच बाजूला उभे होतो दोघं. रीडिंगवाले म्हणाले, वहिनी, एक पाऊल मागे. मागे झालो. ह्यांनी तर श्वाससुद्धा रोखून धरला होता."

मागून आप्पांचा आवाज आला. "तिला म्हणावं, नीट बघ. खाली डावीकडे माझी सावली आली आहे."

थोरलीने पुन्हा भिंग लावलं. खाली डाव्या कोपऱ्यात, भिंतीवर, एक काळपट डाग होता. एवढा वेळ तिने तो छपाईचा दोष धरला होता.

"दिसली, आप्पा," ती म्हणाली. "दाढी छान झाली आहे."