लाल डोळा आणि बंद जबडा

दुसऱ्या मजल्यापासून खाली फाटकापर्यंत रांग लागली होती. वर खुर्चीत बसलेली शिंपीणबाई अन्नाला शिवत नव्हती, बोलत नव्हती आणि तिचा डावा डोळा लालभडक झाला होता.

"अन्न सोडलं, वाणी सोडली! आता या डोळ्यातून देवच बघतोय!" तिचा नवरा हात उंचावून सांगत होता. ती कण्हली की तो लगेच अर्थ लावायचा. "ऐकलंत? तुमच्या मुलाला नोकरी लागणार म्हणतेय!" लोक पाया पडत होते.

खाली माझा दातांचा दवाखाना. रांगेमुळे पेशंटना आत येता येईना, म्हणून भांडायला वर गेले. बाईला पाहिलं आणि भांडण विसरले. सूज ओसरलेल्या डाव्या गालाला खळगा पडला होता.

"तोंड उघड बघू," मी म्हणाले. दातांमध्ये माझं बोटही शिरेना. तिने माझा हात गालाशी धरला तो सोडेचना.

मी भांडले असते तर नवऱ्याने तिला खाली उतरू दिलं नसतं. मी म्हणाले, "दादा, खाली माझ्या दवाखान्यात चेहऱ्याचा स्कॅन करू या. देव मशीनमध्ये दिसला, तर शंका घ्यायची कोणाची हिंमत आहे?"

तो हुरळलाच. "चला! विज्ञानालाही हात जोडायला लावतो!" निम्मी रांग सोबत निघाली.

स्कॅन झाल्यावर मी तिला विचारलं, "सगळ्यांना दाखवू?" तिने ठामपणे होकारार्थी मान हलवली.

"हे गालाचं हाड मोडून आत दबलंय," मी पडद्यावर बोट ठेवलं. "जबडा त्याला अडतो, म्हणून घास जात नाही, शब्द फुटत नाही. त्याच माराने डोळ्यात रक्त उतरलंय. आणि हा खालचा जबडा पाहा, पूर्वी कधीतरी मोडून वाकडाच जुळलाय."

"जिन्यावरून पडली असेल," नवरा पुटपुटला.

"दोन्ही वेळा?"

बाईने मूठ वळली, गालावर टेकवली आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

मग एक आजी करवादल्या, "म्हणजे घरचंच भांडण! मग आम्हाला कशाला ताटकळवलं?" सगळे त्याच्यावर तुटून पडले, पण फसवलं म्हणून. बायकोला मारलं म्हणून कोणीच नाही.

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा बोलली. "त्या घरी नाही जायचं." तिच्या भावाने तिला आपल्याकडे नेलं.

रांगेतल्या प्रत्येकाने तो चेहरा हातभर अंतरावरून पाहिला होता. दबलेलं हाड दिसायला मशीन लागतं, मार दिसायला डोळे पुरतात. असा चेहरा दिसला तर हात जोडू नका. विचारा, "बाई, तुला कोणी मारलं?"