पंचमीची भरती

श्रीवर्धनला एसटीतून उतरल्यावर कुशाबा आणि तुळजाबाई आधी स्टँडच्या भिंतीला टेकून बसले. कालचा अख्खा दिवस ताम्हिणीचा घाट पायी उतरण्यात गेला होता. रात्र निजामपूरला, कुशाबाचा मेव्हणा नथू याच्या पडवीत काढली होती. सकाळची गाडी धुळीने भरलेली. तुळजाबाईच्या पायांना सूज आली होती.

"बसू वाईच," एवढंच ती म्हणाली.

बसायला वेळ होता. वाडीवाले काकतकर दुपारनंतर भेटणार होते. त्यांना सुपारीच्या वाडीत राखण आणि शिंपणं करायला एक जोडपं हवं होतं. राहायला वाडीतच खोपट. नथूने शब्द टाकून ठेवला होता. हो की नाही, ते आज दिवस मावळायच्या आत सांगायचं होतं, कारण दुसरं एक जोडपं वाट बघत होतं.

कुशाबाचं हो होतं. मुळशी धरणाच्या वर, उतारावर त्याच्या वाट्याला राहिलेली वरकस जमीन नाचणीसुद्धा धड देत नव्हती, आणि पन्नाशीला टेकलेल्या अंगाला तो चढ झेपत नव्हता. लेक जया नांदायला गेली होती. मागे कुणी नव्हतं.

पण तुळजाबाई पाण्याशेजारी राहायला तयार नव्हती. ती लहान असताना धरणाचं पाणी तिच्या माहेरच्या ओट्याला लागलं होतं. आज उतरेल, उद्या उतरेल, म्हणून तिची आई वरच्या टेपाडावर बसून राहिली. पाणी चढतच गेलं. पुढे उन्हाळ्यात धरण कितीही ओसरलं तरी त्या घराचं जोतं पुन्हा कुणाला दिसलं नाही.

"येऊन बघ तरी," कुशाबा शिमग्यापासून म्हणत होता. "मग न्हाई म्हन."

ती आली होती. बघत मात्र नव्हती.

दोघं समुद्रावर गेली तेव्हा पाणी लांब होतं. ओली वाळू, एका टोकाला काळे खडक. कुशाबाने एका खडकाच्या कपारीत गाठोडं नीट बसवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर धोंडा ठेवला. गाठोड्यात दुपारच्या भाकऱ्या होत्या, तुळजाबाईचं दुसरं लुगडं होतं आणि काकतकरांसाठी पिशवीभर आंबेमोहर. काम मागायला रिकाम्या हाताने जायचं नसतं.

"कुनी न्हेलं तर?" तुळजाबाईने विचारलं.

"पान्यानं मोकळ्या केलेल्या जागंतलं कोन न्हेतंय?"

त्यांच्याकडे तशीच रीत होती. चैत्रात धरणाचं पाणी खाली गेलं की लोक उघड्या पडलेल्या जमिनीवर कुदळी, दोरखंड, गोवऱ्या टाकून जात. पाणी परत यायचं ते आषाढात.

मग दोघं गावात हिंडली. जांभ्या दगडाचे गडगे, मधून अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या. भर दुपारीही पायाखाली गारवा होता. एका अंगणात सुपारी वाळत पडली होती. तुळजाबाई एका झाडाच्या बुंध्याला हात लावून वर बघत उभी राहिली.

"येवढं उंच वाढलंय, आन् बसायला सावली इवलीशी. तुमच्या थोरल्या भावावानी."

कुशाबा हसला. दिवसभरात पहिल्यांदाच ती काही थट्टेचं बोलली होती. आतून रहाटाची कुरकुर येत होती, पाटाचं पाणी झाडाझाडाला जाऊन मुरत होतं. ती पाटाशी बसली, सुजलेले पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. कुशाबाने तिला उठवलं नाही. आता होतंय काम, असं त्याला वाटलं.

भूक लागली तशी दोघं परतली. खडक नव्हता. जिथे वाळू होती तिथे पाणी होतं, आणि ते आणखी पुढे येत होतं.

कडेला एक कोळीण वाळत घातलेली मासळी उलटत होती. तिने दोघांचे चेहरे पाहिले.

"काय ठेवलंत का काय तिकडे?"

"गाठोडं," कुशाबा म्हणाला. "सकाळी तर पानी नव्हतं."

"कुठल्या डोंगरातून आलात, बाबा? आज पंचमी. दुपारी भरती असते ना!" ती हसली, मग तुळजाबाईकडे पाहून म्हणाली, "संध्याकाळी उतरतं पाणी."

तुळजाबाई वाळूत बसली होती. कुशाबाने पाण्याकडे बघायचं टाळलं. तांदूळ गेला, लुगडं गेलं, आणि आता ही कधीच हो म्हणायची नाही.

"चल," तो म्हणाला. "काकतकरास्नी न्हाई म्हनून सांगतो. परतीची गाडी गाठू."

"मी हलनार न्हाई."

"अगं, गाडी जाईल."

"जाऊ द्या. ती बाई म्हनती, उतरतंय. मला बघायचंय."

"आन् न्हाई उतरलं तर?"

"तर पुन्हा हितं ऱ्हायचं नाव काढायचं न्हाई."

कुशाबा तिच्या शेजारी बसला. दुसरं काही करण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. स्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग तोही थांबला. ती पापणी न हलवता पाण्याची कड बघत होती. तिची आई टेपाडावर अशीच बसली असेल, असं त्याच्या मनात आलं.

उन्हं कलली. वाळूवर एक ओली रेघ उरली आणि पाणी तिच्याखाली गेलं. थोड्या वेळाने आणखी खाली.

"जातंय," तुळजाबाई हळूच म्हणाली.

खडकाचं काळं डोकं वर आलं. कुशाबा गुडघाभर पाण्यात शिरला. धोंडा जागेवर होता आणि त्याच्याखाली गाठोडंही. भाकऱ्यांचा लगदा झाला होता. लुगडं तिने पिळलं. तांदळाच्या पिशवीत हात घालून चार दाणे जिभेवर ठेवले.

"खारट. ह्ये काकतकरास्नी द्यायच्या कामाचं न्हाई."

"मग रिकाम्या हातानंच जाऊ," कुशाबा म्हणाला. "अजून भेटत्याल. काय सांगू?"

तुळजाबाईने पिशवीचं तोंड बांधलं आणि त्याच्या खांद्याला धरून कण्हत उठली.

"भिजल्यालं तांदूळ ठिवून चालत न्हाई. दोनदा धुवून आजच शिजवावं लागंल." ती गावाकडे चालू लागली. "त्यास्नी इचारा, त्या खोपटात चूल हाय का."