वरचं गाव, खालचं गाव

कॉफीत साखर ढवळता ढवळता ओत्तोरिनोला ते पत्र पुन्हा आठवलं. खालच्या बोर्गोरिओ गावच्या मेयरबाई देल्फिना यांनी ते हिवाळ्यात पाठवलं होतं, आणि वरच्या सेर्राग्रिजाचा मेयर म्हणून उत्तर त्यानंच द्यायचं होतं. दोन्ही गावांची मिळून एक पालिका करू. कचेरी वर तुमच्याकडेच राहू द्या, नावही तुमचंच आधी.

"फुकट कोण देतं रे?" बारमालकीण निवेस काउंटर पुसत म्हणाली. "त्यांचा डोळा आपल्या झऱ्यावर आहे."

"किंवा जंगलावर."

"तू बस विचार करत. एक दिवस उठशील आणि गाव नकाशावरून गेलेलं असेल."

सेर्राग्रिजाच्या मनोऱ्याला तीनच बाजूंनी घड्याळ होतं. बोर्गोरिओकडची भिंत कोरी. खालच्यांना वेळसुद्धा सांगायची नाही, असं पणजोबांनी ठरवलेलं. त्याच हट्टापायी वरची मुलं अजून खिंड ओलांडून पलीकडच्या प्रांतातल्या शाळेत जात. ओत्तोरिनोच्या दोन्ही नातीही. धाकटीला वळणावळणाला ओकारी येई.

बाजाराचं निमित्त काढून तो खाली उतरला. नवे पाइप, मोजणीचे खांब, काहीतरी सापडेल म्हणून गल्लीबोळ हिंडला. काही नव्हतं. शाळेपाशी मात्र देल्फिनाबाई स्वतः खिडक्या रंगवत होत्या.

"हेरगिरीला आलात वाटतं?" त्या न वळताच म्हणाल्या.

"चीज घ्यायला."

"ते तुमच्याकडेच चांगलं मिळतं."

ओशाळून त्यानं खिडकीतून आत पाहिलं. बाकं पुष्कळ होती. मुलं पहिल्याच ओळीत संपत होती.

"तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "पट भरला नाही तर उन्हाळ्यात कुलूप. पालिका एक झाली, तर तुमची मुलं इकडे येतील असं वाटलं."

"मग पत्रात तसं का नाही लिहिलंत?"

"लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, खालच्यांचा डोळा आता आमच्या पोरांवर."

ओत्तोरिनो खरोखर तसंच म्हणाला असता.

मुलींना खालच्या शाळेत घालू या का, असं घरी त्यानं सुनेला विचारलं. "इतकी वर्षं कशाला थांबलात, बाबा?" एवढंच ती म्हणाली.

बरीच खाडाखोड करून त्यानं उत्तर लिहिलं. विलीनीकरण मान्य नाही. कचेरी, नाव, झरा, जिथल्या तिथे. सहीखाली मात्र एक ओळ: सप्टेंबरपासून शाळेची गाडी वर पाठवा, माझ्या दोन्ही नाती चौकात उभ्या असतील.

टपालाचं तिकीट निवेसच्याच बारमध्ये मिळे. तिनं पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं.

"काय लिहिलंस?"

"नाही म्हटलं."

"शाबास," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिनंच ते पेटीत टाकलं.