शेवटचा रकाना

“आबा, तू एवढे रिपोर्ट लिहितोस ना? मग माझं कन्क्लूजन फिक्स कर,” असं म्हणत आरोहीने आपला शाळेचा पेपर आजोबांच्या चहाच्या कपाशेजारी आपटला.

२००६चा अख्खा उन्हाळा तिने घरामागच्या नाल्यातलं पाणी काठीने मोजण्यात घालवला होता. अमेरिकेतल्या शुगर लँड गावी त्यांच्या गल्लीत पाणी का तुंबतं, हा विषय. पण शेवटच्या परिच्छेदाशेजारी बाईंनी लाल शाईत दोनच शब्द लिहिले होते: ‘सो व्हॉट?’ सोमवारी सुधारून द्यायचा होता.

नरेंद्ररावांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. कारखान्यांतले पंप तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि नातीपुढे त्यांनी या नोकरीच्या बढाया काही कमी मारल्या नव्हत्या. पण आयुष्यात त्यांनी एकही निष्कर्ष लिहिला नव्हता. ऑफिसची रीतच तशी. तपासणाऱ्याने कंप, तापमान, गळती यांच्या नोंदी करायच्या आणि शेवटचा रकाना कोरा सोडायचा. तो लायसन्सवाला इंजिनीअर भरणार, सहीही त्याचीच. लायसन्सच्या परीक्षेत नरेंद्रराव दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा बसलेच नाहीत. हल्ली तो रकाना अनीश नावाचा, त्यांच्या मुलाहून लहान इंजिनीअर भरायचा.

तरी अब्रू राखायला त्यांनी पेन उचललं. तासभर खपून सगळे आकडे नव्याने ओळीने लिहून काढले.

आरोहीने वाचलं. “आबा, धिस इज द होल पेपर अगेन!”

“खरं सांगू? मला नाही येत,” नरेंद्रराव कपाकडे बघत म्हणाले. “आमच्याकडे तो पार्ट दुसरेच लिहितात. मी फक्त मोजतो.”

संपलं, आता हिच्या नजरेतून उतरलो, असं त्यांना वाटलं. आरोही मात्र खुर्चीत पाय वर घेऊन बसली. “बट यू न्यू, राइट? पंप खराब आहे की नाही ते?”

“मला नाही कळणार तर कोणाला! घरी येऊन तुझ्या आजीला सांगायचो.”

“मग आजी काय म्हणायची?”

ओट्यापाशी भेंडी चिरणाऱ्या वीणाताईंनी वळूनही पाहिलं नाही. “मी म्हणायचे, अहो, आकडे राहू द्या. पंप चालवायचा की बंद करायचा, तेवढं सांगा. मला पानं घ्यायचीत.”

आरोही हसत सुटली. मग एकदम लिहू लागली. नाल्याचं तोंड पालापाचोळ्याने बुजतं. पुढच्या जूनच्या आत ते साफ केलं तर कोपऱ्यावरची सहा घरं वाचतील. नाही केलं तर तिथे पाणी शिरेल. बस, एवढंच. तिने वाचून दाखवलं तेव्हा नरेंद्ररावांनी ते कौतुकाने पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मंगळवारी ऑफिसात एका पंपाच्या नोंदी पुऱ्या करून ते थांबले. निवृत्तीला चार महिने उरले होते. शेवटच्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने, कोणालाही सहज खोडता येतील अशा, दोन ओळी लिहिल्या आणि कागद अनीशच्या टेबलावर ठेवून पळच काढला.

शुक्रवारी छापील रिपोर्ट आला. जेवताना त्यांनी वीणाताईंना त्यातला शेवटचा रकाना वाचून दाखवला: “बेअरिंग गेलं आहे. पंप आजच बंद करा. आठवडाभर थांबलात तर शाफ्टही जाईल.”

“सही कोणाची?”

“अनीशची. ती त्यालाच करावी लागते.”

वीणाताईंनी त्यांच्या ताटात गरम पोळी वाढली. “असू दे. बोलणं तुमचंच आहे. तीस वर्षं ऐकतेय, मला नाही का कळत?”

आमटीचा थेंब उडू नये म्हणून नरेंद्ररावांनी डाव्या हाताने रिपोर्ट दूर सरकवला, आणि मग पोळी मोडली.