भाऊराव माझ्यावर जन्मला

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खामगावात सरकी-ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या, दुकानावरच्या माडीत भिंतीला टेकून उभा असतो. माझा एक कोपरा फुगला आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत, आणि हल्ली माझ्याकडे कोणी पाहत नाही. तरी माझ्यावर एक माणूस जन्मला होता. तो खरा नव्हता. निदान सुरुवातीला आम्हा सर्वांना तसंच वाटत होतं.

मला घडवलं नांदुऱ्याच्या एका सुताराने, एका शिकवणी वर्गासाठी. बरीच वर्षं मी गणितं अंगावर घेतली. मुलं मला घाबरत. मग वर्ग बंद पडला आणि वंदना नावाच्या बाईने मला इथे आणलं. ती आणि कुलदीप मिळून मोबाइलवर पाहायची एक वऱ्हाडी विनोदी मालिका काढणार होते. ती लिहायची, तो शूटिंग करायचा. मला बरं वाटलं. आता माझ्याकडे पाहून कोणी रडणार नव्हतं.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि दोन-चार दिवसांतच एका दुपारी वंदनाने माझ्यावर नाव लिहिलं, भाऊराव. घरजावई. खाली दोनच गोष्टी लिहिल्या. त्याला काय हवं? या घरात आपली म्हणावी अशी जागा. भीती कशाची? आपण कोणाला जड होऊ, याची.

"बाकीचं आपोआप निघते," ती म्हणाली.

आणि निघत गेलं. हा माणूस स्वतःच्या घरी शिरतानाही उंबऱ्याबाहेर थांबून विचारणार, "घरात कोणी हाय का?" चपला काढताना त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवणार. उगाच निघताना अडचण नको!

कुलदीपला मात्र मोठं हसू हवं असे. "ताई, भाऊरावले पाण्याच्या टाकीवर चढवू. लोक हसून हसून मरतीन."

"तो काऊन चढीन?"

"हसू येते म्हून."

"तुले येते. त्याले काय पायजे ते सांग. टाकीवर चढला का सारा गाव जमते. ज्याले कोणाले जड व्हायचं नाई, तो गाव जमवीन का बे?"

वंदनाचा नियम कडक होता. दोन घटनांमध्ये 'आणि मग' चालत नसे, 'म्हणून' लागे. गाईचा भाग असाच रचला गेला. पाहुणे आले, म्हणून भाऊरावने आपली खाट दिली. खाट गेली, म्हणून तो गोठ्यात झोपला. पाहुण्यांना वाईट वाटू नये, म्हणून त्याने सांगितलं की गाय व्याली आहे, राखण करतो. घरी गाय नव्हतीच. आणि पाहुण्यांनी सकाळी खरवस मागितला!

मी गणितं पुष्कळ पाहिली होती, पण इतकं बिनचूक उत्तर कधी पाहिलं नव्हतं. मात्र एक गोष्ट मला खटकू लागली. कधीकधी वंदना खडू टेकवायची आणि विचार करण्याआधीच तिचा हात चालू लागायचा. खडूचा दाब मला कळतो. तो दाब तिचा नसे.

भाऊरावचं काम शालिग्राम करत. ते धान्य बाजारात अडत्याकडे कामाला होते. मालिका लोकांना आवडू लागली, वाटेत लोक त्यांना भाऊराव म्हणून हाक मारू लागले. एके दिवशी ते आले ते खुर्चीवर बसेचनात.

"वंदना, मी आता माह्या घरी बी दारात उभा राहून विचारतो. बायको आधी हासली. आता रडते. मी नाई विचारत व. तोंडातून निघते."

त्याच आठवड्यात, भर दुपारी, डोणगावहून एक बाई जिना चढून वर आल्या. त्यांचं नाव तानुबाई. भाचीच्या मोबाइलवर त्यांनी मालिका पाहिली होती. शूटिंगसाठी आलेल्या शालिग्रामांकडे त्यांनी निरखून पाहिलं.

"तुमी ते नाई," त्या म्हणाल्या. "पन उभं राहनं त्याईचंच हाय." मग वंदनाकडे वळल्या. "माय, आमच्या घरचे तुमाले कुठी भेटले?"

"मावशी, तो मनानं रचलेला मानूस हाय. खरा नाई."

"दारात विचारायचे. चपला फिरवून ठेवायचे. घरजावई होते ना." तानुबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. "एकडाव पाहुने आले तं खाट देली, अन् गोठ्यात निजले. गाय व्याली म्हने. गाय कुठली आमच्या घरी!"

कुलदीपच्या हातातला कप तसाच राहिला. तो भाग अजून शूट झाला नव्हता. तो फक्त माझ्यावर होता.

"अन् खरवस?" वंदनाने विचारलं.

"मागतला ना पाहुन्याइनं. मंग सारा बजार हुडकला त्याइनं."

खाली दुकानात कोणी तरी पोतं टाकलं, त्याच्या आवाजाने सगळे दचकले. तानुबाई सांगत राहिल्या. त्यांच्या भावांनी घराच्या खोल्या वाटून घेतल्या, त्या दिवशी गोविंदा, म्हणजे त्यांचा नवरा, बाजारात जाऊन येतो म्हणून गेला, तो परत आलाच नाही. भावांनी शोधायला पुणं पाहिलं, सुरत पाहिली.

"येत्या अवसेले बारा वर्सं होतीन. भाऊ म्हनते, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, मोकळी हो. जित्या मानसाले अग्नी कसा देऊ माय? तुमाले त्याईचं सारं मालूम हाय. कुठी गेले, तेवढं सांगा."

वंदना नाही नाही म्हणत होती. पण शेवटी उठली आणि खडू घेतला. घर त्याला सोडवत नाही. घरात राहवत नाही. म्हणून. इथे ती थांबली. मग तो दुसरा दाब आला. म्हणून तो अशा ठिकाणी जाईल, जिथून घर दिसेल, पण घरातल्यांना तो दिसणार नाही.

तिने ते मोठ्याने वाचलं. तानुबाई उभ्या राहिल्या.

"तलावापल्याड वीटभट्टी हाय. तिथून आमच्या चुलीचा धूर दिसते. गावातलं कोनी तिकडं जात नाई."

दुसऱ्या दिवशी सगळे तिकडे गेले. माडीत मी एकटाच होतो, पण दिवसभर समोरच्या खुर्चीवर कोणी तरी अंग चोरून बसलं आहे, असं मला वाटत राहिलं. संध्याकाळी वंदना आणि कुलदीप परतले. कुलदीप भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं.

भट्टीवर बारा वर्षांपूर्वी आलेला एक म्हातारा राखणदार राहायचा, चपलांची तोंडं नेहमी बाहेर करून ठेवणारा. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो झोपेतच गेला. भट्टीवाल्यांनी तलावाकाठी अग्नी दिला. त्याच्या खोपटात गावाच्या बाजूला एक झरोका होता आणि झरोक्याखालची जमीन बसून बसून खोल गेली होती. तिथे स्वयंपाक करणाऱ्या शालूबाईंना तानुबाईंनी त्याचं नाव विचारलं.

"भाऊराव," शालूबाई म्हणाल्या. "त्याइनंच सांगतलं होतं तसं."

"मी ते नाव कुठून आनलं रे?" वंदना पुन्हा पुन्हा विचारत होती. "कुठून आनलं?" मला पोळ्यानंतरची ती दुपार आठवत होती, पण माझं बोलणं त्यांना ऐकू जात नाही.

पुतळा करावा लागला नाही. तानुबाईंनी तलावाकाठी खरे विधी केले. त्यानंतर एकदाच त्या इथे आल्या.

"लोकाइचं हासनं बंद नका करू," त्या म्हणाल्या. "पन एकडाव त्याईले घरात बसलेलं दाखवा."

"तो आपल्या मनानं बसनार नाई, मावशी. तसा मानूसच नाई तो."

"मंग कोनी तरी 'बस' म्हना ना. ते विचारायचे, अन् आमी सारे हासायचो. हाय म्हून कोनी सांगतलंच नाई."

वंदना माझ्याजवळ आली. मालिकेतल्या घरच्या सगळ्या माणसांची नावं माझ्यावर होती, सगळ्यांना विनोद होते. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर मात्र तिने एकाही भागात कोणाच्या तोंडी दिलं नव्हतं. तिने त्याचा स्वभाव नीट जुळवला होता, घरच्यांचा जुळवायचा राहिला होता. त्या दुपारी तिने शेवटचा भाग लिहिला. भाऊराव दारात विचारतो आणि बायको आतून म्हणते, "मी हाय ना. या, बसा."

शालिग्राम ते करताना उंबरा ओलांडून आत गेले आणि रडत बसले. त्यानंतर घरी त्यांच्या तोंडून तो प्रश्न निघाला नाही. खडूचा दाबही पुन्हा वंदनाचाच झाला.

मित्रांनो, मला पुसायला कोणी आलं नाही तरी चालेल. पण ज्याच्या वागण्याला तुमच्या घरात रोज हसतात, तो तसा का वागतो, हे तो घरात असेपर्यंत त्यालाच विचारा.