सहावा दोर

सकाळीच माझ्या भावानं, अंकुशनं, मले टोचलं. "जाय ना तू पवनीले शिकाले. तुह्या एकटीबिना खांब उभा राहत नाही का?"

आमचा मंडपाचा धंदा. दिवाळीनंतर आसगावच्या मंडईच्या जत्रेत नाटकाचा मंडप आमचाच राह्यते. मधला खांब उभा कराचा तर सहा दोर लागतात, गोल उभं राहून सहा जणं सारखेच ओढतात. दोन वर्षांपासून सहावा दोर माझा, माझ्या समोर आमचे जुने कामगार डोमाकाका. अन् हा म्हणते एकटीबिना! मी म्हटलं, "चार वाजता येऊन दाखवते तुले."

त्यासाठी तीनची गाडी धराची होती. अन् आमचे कैलाश सर! बारावीच्या जादा तासाले त्यायनं फळ्यावर षटकोन काढला. पाच कोपऱ्यांवर सारखे धन चार्ज, सहावा कोपरा रिकामा. मधोमध विद्युत क्षेत्र किती, अन् कोणत्या दिशेनं? "हे सुटल्याबिगर कोणी उठाचं नाही."

अडीच वाजले होते. पोट्टे पाच बाण काढून साइन-कॉस करत बसले. माझ्या बाजूच्या खुशबूनं दोन पानं भरली. माझं डोकं मात्र खांबापाशी. रागानं मी पेनच आपटला. पाच जणं ओढतील तं खांब जाईन कुठं? डोमाकाकावर, आणखी कुठं! त्यायच्या समोरचा दोर माझा. बाकीचे चौघं एकमेकाच्या समोर, त्यायची ओढ आपसातच फिटते. उरले एकटे डोमाकाका.

अवो माय! मी उठलीच.

"सर, समोरासमोरचे चार कटले. रिकाम्या कोपऱ्याच्या समोरचा एकच उरला. एका चार्जचं जेवढं, तेवढंच उत्तर. के क्यू भागिले आर वर्ग." अन् फळ्यावर त्या उरलेल्या चार्जकडे बाण काढला.

सर हासले. "उत्तर बरोबर. बाण उलटा."

"काहून उलटा? खांब तिकडंच पडते!"

"कोणता खांब?"

"आमच्या मंडपाचा! दोरानं ओढतात ना."

"दोर ओढते, हर्षा. धन चार्ज दुसऱ्या धन चार्जले काय करते?"

"ढकलते..." मी जीभ चावली. ओढणीनंच बाण पुसला अन् रिकाम्या कोपऱ्याकडे फिरवला.

सरायनं घड्याळ पाह्यलं. "पळ!"

गाडी मिळाली. मैदानावर पोचली तं खांब जमिनीवर आडवा. डोमाकाका घाम पुसून राहिले होते. "पाच जणायनं करून पाह्यलं ना, पोरी. माह्यावरच येऊन राहिला होता हा!"

मी असी हासली, असी हासली, का बाबा चिडले. "काहून हासून राहिली? कवापासून आम्ही सारे तुह्या दोराकडे पाहून राहिलो."

रिकाम्या कोपऱ्याकडे! सरायचा बाण बरोबरच होता. मले इतकं बरं वाटलं, काय सांगू.

दोर हाताले गुंडाळला. बाबायनं आवाज देल्ला, सहाही जणायनं ओढलं, अन् खांब सरळ उभा. जरासाही हालला नाही.

अंकुशकडे वळून मी म्हटलं, "एकटीनं किती फरक पडते, ते काढून आणलं आज. पुरा एका माणसाचा."

"मोठी आली," तो म्हणाला, अन् माझा दोर स्वतःच खुंट्याले बांधू लागला.